सुरतेची पांजरापोळ आणि कान कापलेली मांजरं

आपल्या मंडळात सुरतेचा विषय निघाला की गाडी १६६४ आणि १६७० या दोन सालांवरच जाऊन थांबते. महाराजांनी सुरत लुटली, एकदा नाही तर दोनदा. मी गेली तीस वर्षं उधन्यात राहतो, त्यामुळे इथले गुजराती शेजारी चेष्टेने मला म्हणतात, "आता तिसऱ्यांदा आलात ते राहायलाच!" आजचा विषय मात्र लुटीचा नाही. तो मांजरांचा आहे. हसू नका. मीही आधी हसलोच होतो.

आमच्या सोसायटीत २०१९ साली भटक्या मांजरांची नसबंदी करायचं ठरलं. ही कल्पना होती नाशिकहून लग्न होऊन आलेल्या एका सूनबाईंची. सभेत तिने मला सरळ विचारलं, "काका, तुम्ही इतिहासाचं एवढं वाचता. सुरतेत याआधी कुणी असं काही केलंय का?" मी म्हटलं बघतो, आणि बघता बघता दोन वर्षं गेली. त्या शोधात जे हाती लागलं आणि त्याच काळात सोसायटीत जे घडलं, ते दोन्ही इथे एकत्र मांडतोय. वेगळं काढायचा प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही.

परदेशी पाहुण्यांनी पाहिलेली पांजरापोळ

सुरुवात खंबायतपासून करू. राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी १५८३ मध्ये हिंदुस्थानात आला. त्याने लिहून ठेवलंय की खंबायतमध्ये लोक कशाचीही हत्या करत नाहीत, आणि लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी नि पक्ष्यांसाठी शहरात इस्पितळं आहेत. मांजराचा उल्लेख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरतेचं वर्णन करणाऱ्यांत जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री महत्त्वाचा. तो १६८९ मध्ये इथे होता. जनावरांच्या इस्पितळाबरोबर त्याने ढेकूण-पिसवांच्या सोयीचंही लिहिलंय. त्या किड्यांना रक्त मिळावं म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर झोपवत! त्यानंतर जेम्स फोर्ब्स. त्याने १७७२ सालची यादी दिली आहे: घोडे, खेचरं, बैल, मेंढ्या, शेळ्या, माकडं, कोंबड्या, कबुतरं, इतर पक्षी, आणि पंच्याहत्तर वर्षं तिथेच असलेलं एक म्हातारं कासव. शिवाय उंदीर, ढेकूण वगैरेंचा वेगळा विभाग.

पुढे अलेक्झांडर बर्न्स. त्याचं सुरतेच्या पांजरापोळीवरचं टिपण १८३४ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलं. मी इंजिनिअर माणूस, मला त्यातली मापं आवडली. पंचवीस फूट लांबीची एक खोली, जमिनीपासून सुमारे आठ फूट उंचीवर फळ्यांची जमीन, आणि त्या फळ्यांखाली धान्य ओतून पोसलेले असंख्य किडे. धान्य टाकायला वरच्या फळ्यांत भोकं ठेवलेली. आज एखाद्या कारखान्यात सायलो असतो, तसाच प्रकार.

या सगळ्या वर्णनांत एक गोष्ट समान आहे. ती बाहेरून आलेल्या माणसांनी लिहिली आहेत, आणि बहुतेकांना त्या प्रकाराचं हसू आलेलं आहे. आतल्या माणसांनी काय विचार करून ही व्यवस्था उभी केली, कोण पैसे देत होतं, काय वाद झाले, ते या पुस्तकांत सापडत नाही.

दुसरी गोष्ट. फोर्ब्सच्या यादीत उंदीर आहेत, ढेकूण आहेत, कासवही आहे. मांजर नाही. म्हणजे सुरतेत मांजराला कधी आसराच नव्हता असा निष्कर्ष मी काढणार नाही. खंबायतमध्ये होता हे फिच सांगतोच. पण ती यादी वाचली तेव्हा मला आमच्या शेजारच्या बांचं बोलणं आठवलं.

बा आणि पंधरा निषेध

बा आमच्या तळमजल्यावर राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मूळच्या सुरतेच्या जैन. रोज प्रतिक्रमण करतात. सोसायटीतल्या मांजरांना सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सूर्यास्ताआधी दूध-भात घालतात. नसबंदीचा विषय निघाला तसा पहिला विरोध त्यांचाच झाला. "निल्लंछण" हा एकच शब्द त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

शब्द मला नवीन होता. शोधलं तेव्हा कळलं. प्रतिक्रमणात जे वंदित्तु सूत्र म्हणतात, त्यात श्रावकाने टाळायच्या पंधरा उद्योगांची नावं येतात. त्यांना कर्मादान म्हणतात. कोळसे पाडणं, जंगल तोडणं, हस्तिदंताचा व्यापार, विषाचा व्यापार, असे ते पंधरा. त्यातलाच एक निल्लंछण, संस्कृतात निर्लांछन. बाराव्या शतकात पाटणला हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ उलगडून सांगितला आहे: जनावराचं नाक टोचणं, डाग देणं, अंड ठेचणं किंवा काढणं, कान कापणं, गळ्याची पोळी कापणं.

आता बघा. भटक्या मांजराची नसबंदी झाली की भूल उतरायच्या आत त्याच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापतात, साधारण एक सेंटिमीटर किंवा त्याहून थोडं कमी. ही जगभरची खूण आहे. लांबूनच कळतं की या मांजराचं ऑपरेशन झालंय, पुन्हा पकडू नका. म्हणजे आम्ही जी दोन कामं करायला निघालो होतो, खच्चीकरण आणि कान कापणं, ती दोन्ही आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी नावानिशी निषिद्ध यादीत घातलेली.

एवढ्यावरच भागत नाही. त्याच यादीत आणखी एक निषेध आहे, असतीपोषण. कमाईसाठी मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर असले जीव पोसायचे नाहीत. दुसऱ्या जिवावर जगणारं मांजर पोसलं तर त्याच्या शिकारीचा दोष पोसणाऱ्यालाही लागतो, असं यामागचं कारण बा सांगतात. मी त्यांना जरा खोडसाळपणे विचारलं, "बा, मग तुम्ही दूध घालता ते?" त्या शांतपणे म्हणाल्या, "हूं धंधो नथी करती, भाई." मी धंदा करत नाही. मुद्दा अगदी नेमका होता. हे पंधराही निषेध पोट भरण्याच्या उद्योगांबद्दलचे आहेत.

मांजर कधी हवं, कधी नको

उंदीर वाढले की आपल्याला मांजर हवं असतं, एरवी नको असतं. प्लेगच्या काळात हे स्पष्ट दिसतं. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि पुढे बरीच वर्षं देशभर धुमसत राहिला. त्या काळात वऱ्हाडात नोकरीला असलेले लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर होते. त्यांनी गावोगावची मांजरं मोजायला घेतली. मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी, असा त्यांचा दावा होता. १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचं लिखाण छापून आलं. वऱ्हाडातल्या मांजरांची खानेसुमारी लंडनपर्यंत पोचली! आज आपल्याला माहीत आहे की मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून तो माणसाला लागू शकतो. पण त्या वेळी माणसांना मांजर हा रखवालदार वाटत होता.

आमच्या पिढीचा प्लेग १९९४ चा. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आढळला, आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाचा. मी तेव्हा पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये मेंटेनन्सला होतो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. लाखो लोकांनी शहर सोडलं, त्यात आम्ही दोघंही होतो. तापी लाइनच्या गाडीत दारात लटकून अमळनेर गाठलं. गावात शिरताना लोक आमच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती मी विसरलेलो नाही. परत आलो तेव्हा चाळीतल्या बायकांनी एक भाटी कुठूनशी आणून ठेवली होती आणि सगळे तिचे लाड करत होते. पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव आले, शहर झाडून निघालं, उकिरडे हटले. ती भाटी कुठे गेली, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पंपाची खोली

आता जे सांगायचं ते सांगतो. २०११ साली मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. स्कूटरच्या सीटवर नख्यांचे ओरखडे, जिन्यात बोक्यांनी मारलेल्या धारांचा वास, रात्री भांडणं. तक्रारींनी वैताग आला होता. एका रात्री वॉचमनला बरोबर घेतलं, एका भाटीला गोणीत घातलं आणि नदीपलीकडे सोडून आलो. मारलं नाही, फक्त सोडलं. माझी आजी म्हणायची, मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. तो हिशोब मी मनात केला होता. मारलं नाही, म्हणजे काशीचा खर्च वाचला.

तिसऱ्या दिवशी पंपाच्या खोलीतून वास यायला लागला. पंपाच्या मागे, पाइपाच्या कोपऱ्यात तीन पिलं होती. भाटी दूध पाजत होती हे मी बघितलंच नव्हतं. बघायला हवं होतं. गोणीत घालताना ती हातात होती.

बांनीच ती पिलं बाहेर काढली. मला एक शब्दही बोलल्या नाहीत. पुढे दोन महिने बोलल्या नाहीत. आणि दोन महिन्यांच्या आत दुसरी भाटी कुठूनतरी येऊन त्याच पार्किंगमध्ये राहायला लागली. जागा होती, खाणं होतं, ती रिकामी कशी राहील? हे तंत्र मला तेव्हा कळलं नव्हतं. एक मांजर हलवलं की तुम्ही फक्त जागा मोकळी करता.

दुसरी वाट

पकडायचं, ऑपरेशन करायचं आणि जिथलं तिथे परत सोडायचं, ही पद्धत आपल्याकडे आधी कुत्र्यांसाठी आली. त्याला मागे मोठा इतिहास आहे. मुंबईत जून १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेदजी जीजीभॉय आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. म्हणजे मारू नका, आम्ही सांभाळतो, हा तोडगा. पण सांभाळायचे जीव वाढत राहिले तर काय करायचं, याचं उत्तर त्या तोडग्यात नव्हतं.

ते उत्तर मद्रासच्या ब्लू क्रॉसने १९६४ पासून द्यायला सुरुवात केली: मारण्याऐवजी जन्मच आटोक्यात ठेवा. मुंबई महापालिकेने १९९४ मध्ये कुत्री मारणं थांबवून हीच वाट धरली. २००१ मध्ये केंद्राचे नियम आले, पण त्यांच्या नावातच 'कुत्रे' होते. २०२३ च्या नव्या नियमांच्या नावातून 'कुत्रे' गेले, तरी आतला मजकूर मुख्यतः त्यांचाच आहे. मांजराचा नंबर उशिरा लागला. मुंबई महापालिकेने २०१९ च्या सुमारास मांजरांची नसबंदी संस्थांमार्फत हाती घेतली. आमच्या सूनबाईंनी ती तिथल्या मैत्रिणीकडून ऐकलेली. इटलीत मात्र १९९१ च्या कायद्यानेच भटक्या मांजरांना हुसकायला बंदी आहे. नसबंदी करून त्यांना त्यांच्याच वस्तीत परत सोडायचं.

मांजराचं गणित कुत्र्यापेक्षा तिखट आहे. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. सुमारे नऊ आठवड्यांत विते, आणि पिलं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आपण म्हणतो मांजर पिलांना सात घरं फिरवतं. फिरवतं खरं, पण सातव्या घरी किती पोचतात? अमेरिकेत उत्तर कॅरोलायनामधल्या भटक्या मांजरांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७५ टक्के पिलं सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. बांनी इतकी वर्षं जे डोळ्यांनी पाहिलं होतं, तेच हे.

मी हा आकडा त्यांना सांगितला. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पाप तो लागशे, भाई. पण बच्चां मरे ते मोटुं पाप." पाप लागेलच, पण पिलं मरतात ते मोठं पाप. त्यांनी संमती दिली असं मी लिहिणार नाही. त्यांनी दोन पापं तोलली आणि त्यातलं एक उचललं.

पिंजरा

पिंजरा मी केला. निवृत्तीनंतरचं माझं पहिलं फॅब्रिकेशन! पहिला नमुना चोवीस इंच लांबीचा. दार पडलं ते बोक्याच्या शेपटीवर, आणि तो जो निसटला तो महिनाभर फिरकला नाही. दुसरा बत्तीस इंची केला. आत पाय ठेवायच्या पत्र्याला जाळीच्या रंगाचा पोत्याचा तुकडा लावला, दाराखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी, म्हणजे आवाज होत नाही. एक आवाज झाला की बाकीची मांजरं आठवडाभर सावध राहतात. मांजर आत गेलं की पिंजऱ्यावर लगेच जुनी चादर टाकायची. अंधार झाला की ते शांत बसतं.

पण पिंजऱ्यापेक्षा जास्त काम बांनी केलं. मांजर रिकाम्या पोटीच पिंजऱ्यात शिरतं, आणि भूल द्यायची तर पोट रिकामं हवंच. म्हणजे आदल्या संध्याकाळी दूध-भात बंद. ते फक्त बाच करू शकत होत्या. उपाशी मांजरं त्यांच्या दाराशी ओरडायची आणि त्या आत माळ घेऊन बसायच्या. शिवाय कोणती भाटी पाजती आहे, हे त्या पोटाकडे एक नजर टाकून सांगायच्या. पाजती असेल तर पिंजरा उचलायचा, पिलं खायला लागेपर्यंत थांबायचं. हा नियम आमच्या वहीत पहिल्या पानावर आहे. का आहे, ते सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे.

खर्च वर्गणीतून केला. एका खासगी डॉक्टरांनी फी कमी केली. ऑपरेशननंतर बोका दुसऱ्या दिवशी सोडता येतो, भाटीला टाका भरेपर्यंत काही दिवस कोरड्या, बंद जागेत ठेवावं लागतं. अशी जागा सोसायटीत एकच होती, पंपाची खोली. मी ती स्वतः धुतली, चुना मारला, खिडकीला जाळी बसवली.

पहिल्या दीड वर्षात अकरा मांजरांची ऑपरेशनं झाली, सात भाट्या आणि चार बोके. एक भाटी भुलीतून उठली नाही. तिला बांनी आणि मी कंपाउंडच्या कडेला पुरलं. बा त्या दिवशी जेवल्या नाहीत. "आ मारा खाते," असं म्हणाल्या. हे माझ्या नावावर. मी म्हटलं, माझ्याही. त्यावर त्यांनी मान हलवली.

गेल्या दोन पावसाळ्यांत पार्किंगमध्ये नवीन पिलं दिसली नाहीत. रात्रीची भांडणं जवळजवळ थांबली. कान कापलेल्या आठ मांजरांची ये-जा आहे. बाहेरची दोन मधूनच येतात, त्यांना बघून पिंजरा काढायचा की नाही यावर पुन्हा सभा होते.

वही

सूनबाईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. नाही, सुरतेत याआधी कुणी हे केल्याचं माझ्या वाचनात नाही. जुन्या सुरतेने जिवांना जागा दिली, धान्य दिलं, ढेकणांना माणसाचं रक्तसुद्धा दिलं. जन्म रोखण्याचा विचार तिने केलेला दिसत नाही, आणि तो रोखण्याची साधनं तिच्या धर्माच्या निषिद्ध यादीत होती. पण ती माणसं एकमेकांशी वाद घालत नसतील असं मी मानत नाही. किड्यांसाठी खाटेवर झोपायला माणूस ठेवायचा, हे ठरवताना कुणीतरी उठून "आणि त्या माणसाचं काय?" असं विचारलं असेलच. ते आपल्याला ऐकू येत नाही, कारण लिहिणारे बाहेरचे होते आणि ते हसत होते.

म्हणून आम्ही वही ठेवली आहे. तारीख, मांजराचा रंग, नर की मादी, पाजती होती का, कोणी पकडलं, कोणी पैसे दिले, कोणी विरोध केला आणि काय शब्दांत. बांचं वाक्य गुजरातीतच लिहिलंय. २०११ ची नोंद उशिराने, पण मी माझ्या हाताने घातली आहे: भाटी एक, पिलं तीन. वहीची झेरॉक्स मंडळाच्या कपाटात ठेवायला दिली आहे. पांजरा म्हणजे पिंजरा, पोळ म्हणजे बंदिस्त गल्ली. पांजरापोळ हा शब्द तसा बनला. कपाटात ती वही पांजरापोळीच्या फाइलमध्येच लावावी, अशी माझी विनंती आहे.